सायकलीचा रकाना

चीफ,

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. मंडळाच्या अंकासाठी तुमच्याविषयी काही लिहून द्यावे, असे वहिनींनी मला सांगितले आहे. 'भावजी, तुमच्या अर्जातले शब्द नकोत, त्यांना वर हसू येईल,' असेही बजावले आहे. प्रयत्न करतो. परंतु ज्या हाताने पस्तीस वर्षे निवेदनेच लिहिली, त्या हाताला दुसरी चाल येत नाही, हे तुम्ही समजून घ्याल. तुमचा जन्म, शिक्षण, जहाजे आणि पदे यांची यादी मी इथे देत नाही. ती तुमच्या लेकीने, अनघाने, इंग्रजीत तयार केली आहे. मी ती तपासली आहे आणि ती बिनचूक आहे. मी फक्त आपल्या दोघांमध्ये प्रलंबित राहिलेल्या एका बाबीसंबंधी लिहिणार आहे.

बाब अशी. तुम्ही म्हणत होता, 'मी तुला सांगितलं होतं.' मी म्हणत होतो, 'तुम्ही मला सांगितलं नव्हतं.' जानेवारीत वाळवंटातल्या एका दवाखान्यात हा वाद सुरू झाला आणि तुम्ही गेलात त्याच्या चार दिवस आधीपर्यंत चालू होता. त्याचा निकाल मला माहीत होता. तुम्हाला तो मिळाला नाही.

ज्या वाचकांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे भाग आहे. मी अर्जनवीस आहे. चिपळूणला तहसील कचेरीसमोर माझे मामा टेबल टाकून बसत. नववीनंतर शाळा सुटली तेव्हा मी त्यांच्या हाताखाली बसू लागलो. पुढे पत्नीला सिंगापुरात नोव्हेनाच्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली आणि तिच्या पाठोपाठ मी इथे आलो. आता चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे मोकळ्या तळमजल्यावर, बुद्धिबळाचा पट रंगवलेल्या दगडी टेबलाशी मी संध्याकाळी बसतो. सासूबाईंच्या व्हिजिट पासची मुदत, मुलाचा शाळाप्रवेश, पीआर, म्हणजे कायमचे वास्तव्य, नाकारल्यानंतरचे अपील, असे विषय येतात. ज्यांचे इंग्रजी माझ्याहून चांगले आहे असे पुण्यामुंबईचे इंजिनियरही येतात, कारण त्यांना ऑफिसातली ईमेल तेवढी लिहिता येते. विनंती कशी करावी, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

माझी पद्धत मामांची आहे. वहीच्या डाव्या पानावर माणूस जे बोलेल ते जसेच्या तसे उतरवायचे. उजव्या पानावर अर्जाचा मसुदा करायचा. डावीकडचे जे अर्जाला लागत नाही त्यावर तिरकी रेघ मारायची. मसुदा अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तो 'बरोबर' म्हणाला की मगच सही घ्यायची. छापील फॉर्म असेल तर एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही, कारण मोकळ्या रकान्यावरून साहेबाला प्रश्न सुचतात. या पद्धतीवर मी आजवर कोणाला बोट ठेवू दिलेले नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचे पीआर नाकारले गेले होते. जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, काखेत प्लॅस्टिकचे फोल्डर धरून, माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, 'इथे वकील कोण बसतो?'

'वकील नव्हे. अर्जनवीस.'

'तेच ते. मला नाही म्हणालेत. का म्हणाले ते सांगत नाहीत. तू विचार.'

'विचारायचं नसतं. विनवायचं असतं. बसा. आणि सगळं सांगा, अगदी पहिल्यापासून.'

तुम्ही दोन तास बोललात. माझी पाच पाने भरली. त्या अपिलावर तुम्ही इथले कायमचे रहिवासी झालात. पेढ्यांचा डबा घेऊन आलात, आणि त्या दिवसापासून मी तुमचा 'वकील' झालो. संध्याकाळी सहाच्या सुमारास तुम्ही शेजारच्या ब्लॉकमधून खाली येत होता, बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन माझ्या समोर बसत होता आणि माझ्या अर्जदारांकडे अशा नजरेने पाहत होता, जणू इंजिनरूममध्ये ते नवीन भरती झाले आहेत. माझ्या कामात तुमचा व्यत्यय होत असे. हे मी तुम्हाला अनेकदा सांगितले होते. आता सहा वाजले की व्यत्यय येत नाही.

अमिरातीतल्या फुजैराचा विषय तुम्हीच काढत होता. तेल भरायला जहाजे त्या बंदराबाहेर नांगर टाकतात, दिवसेंदिवस उभी राहतात, आणि किनाऱ्यामागे तपकिरी, उघडेबोडके डोंगर दिसतात. तुम्ही तीस वर्षे ते डोंगर डेकवरून पाहिले. उतरायची परवानगी कधी मिळाली नाही. 'एकदा त्या डोंगरावर चढून बघायचंय वकील, तिथून जहाज कसं दिसतं,' असे तुम्ही म्हणत होता. हे अनघाने ऐकले होते. तुमची साठी उलटून दोन वर्षे झाली तरी तिच्या मनातून ते गेले नाही. तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून तिने एक सहल ठरवून टाकली. चार दिवस, त्याच डोंगरांत, दोन दिवस चालणे आणि एक दिवस माउंटन बाईक. जागा दोन, आईबाबांसाठी.

वहिनींनी ती एका वाक्यात फेटाळली. 'दगड बघायला विमानानं कशाला जायचं? आणि माझ्या गुडघ्याला सायकल? तुम्ही भावजींना न्या. त्यांनी आयुष्यात कागदाबाहेर काही बघितलेलं नाही.'

अनघा फोनवर हसली. 'अंकल गोइंग माउंटन बायकिंग? कॅन मेह?' तिच्या भाषेत हा 'जमेल का?' असा प्रश्न असतो. तुम्ही माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, 'कॅन.'

इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे. मला आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी बोलावले त्यांचे काही काम होते. काम नसताना बरोबर चल, असे म्हणणारे तुम्ही पहिले. त्यावेळी मी याबद्दल आभार मानले नाहीत. अर्जदारांना रजेचे कारण काय सांगायचे, याची चौकशी केली.

मग फॉर्म आले. प्रत्येकी पाच पाने. तुम्ही ते टेबलावर टाकलेत. 'भर. सही कुठे ते सांग.'

'वाचून दाखवतो.'

'वाचून काय दाखवतोस? तू लिहिलंयस ना? मग झालं.'

त्या संध्याकाळी एक कुटुंब व्हिजिट पाससाठी ताटकळत उभे होते. मी भरभर लिहीत गेलो. रक्तगट, अ‍ॅलर्जी, चष्मा. चौथ्या पानावर सायकलीचा रकाना होता. सायकल चालवण्याचा अनुभव: अजिबात नाही, नवशिके, मध्यम, तरबेज. मी चिपळूणला पंधरा वर्षांचा असताना मामांच्या फायली घेऊन चढउतारावर सायकल हाणली आहे. मी स्वतःला 'मध्यम' दिले. तुम्हालाही 'मध्यम' दिले. मला विचारावेसे वाटले नाही. ज्या माणसाने बारा हजार अश्वशक्तीचे इंजिन चालवले त्याला सायकल येते का, असा प्रश्न मला पडलाच नाही. तुम्ही न वाचता सही केलीत. मी 'बरोबर' हा शब्द न ऐकता फॉर्म पाकिटात घातला.

चालण्याचे दोन दिवस उत्तम गेले. वाळवंट म्हणजे वाळू, अशी माझी समजूत होती. तिथे सगळा दगड. पायाखाली फुटलेल्या कौलांसारखा आवाज करणारा दगड, आणि कोरड्या नदीच्या पात्रात कुठे एखादे काटेरी झाड. तुम्ही पुढे, मी मागे. तुमचा श्वास लागत नव्हता. मी दर वळणावर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबत होतो आणि तुम्ही न वळता म्हणत होता, 'वकील, नाडी किती वेळा सुटते तुझी? अपील कर तिच्यावर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आपण माथ्यावर पोहोचलो. पलीकडे एकदम समुद्र होता. आणि समुद्रावर नांगरलेली जहाजे, काड्यापेटीएवढी, तीसचाळीस तरी असतील. तुम्ही कड्यापर्यंत गेलात. मग हात लांब करून एकेकाची ओळख करून दिलीत. हे तेलाचे, हे गॅसचे, ते पलीकडचे रिकामे आहे, पाण्याबाहेर किती वर आले आहे बघ. मला सर्व सारखी दिसत होती.

'तिथल्या एखाद्या डेकवर आत्ता एक चीफ उभा असेल,' तुम्ही म्हणालात. 'इकडे बघत असेल. म्हणत असेल, या डोंगरावर असतं तरी काय.'

'काय कळवायचं त्याला?'

'कळव. एक अर्जनवीस आहे. धापा टाकतोय.'

नऊ वर्षांत तुम्ही मला एकदाच अर्जनवीस म्हणालात, ते तिथे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायकली. आपला गाईड गुरुंग म्हणून नेपाळचा चाळिशीतला मनुष्य होता. त्याने फॉर्म चाळले. 'दोनों साहब इंटरमीडिएट? फिर तो नीलेवाले रास्ते से चलते हैं. बच्चोंवाला हरा छोड़ देते हैं.'

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. ती नजर मला अजून दिसते. मी समजलो, माझी तयारी आहे का असे तुम्ही विचारत आहात. मी मान हलवली. तुम्ही गुरुंगला म्हणालात, 'चलेंगे.'

मी पुढे होतो. हेल्मेट घातल्यामुळे असेल किंवा सुट्टीवर असल्यामुळे असेल, मला मी वीस वर्षांचा वाटत होतो. मागे दगड घरंगळल्याचा आवाज झाला. वळून पाहिले तर वाट डावीकडे गेली होती आणि तुम्ही सरळ गेला होतात. वळण तुम्ही घेतलेच नव्हते. सुरुवातीपासून ती जागा पन्नास पावलेही नसेल. सायकल एका झुडपात उभीच्या उभी अडकली होती आणि तुम्ही तिच्यापुढे, दगडांत, उजवा खांदा धरून बसला होता. तुमचा चेहरा अत्यंत शांत होता. गुरुंग धावत खाली उतरला. 'साहब, ब्रेक क्यों नहीं मारा?' तुम्ही म्हणालात, 'किधर है ब्रेक?' त्याला ती थट्टा वाटली. मलाही.

दवाखान्यात खांद्याचे हाड मोडल्याचे निदान झाले. पट्टा बांधून तुम्हाला खाटेवर बसवले आणि आपण दोघेच राहिलो.

'फॉर्मवर काय लिहिलं होतंस?'

'इंटरमीडिएट.'

'आणि मला सायकल येत नाही.'

'म्हणजे?'

'म्हणजे येत नाही. कधीच आली नाही.'

'मग सांगायचं नाही का, चीफ?'

'मी तुला सांगितलं होतं.'

'कधी?'

'पहिल्याच दिवशी. व्हॉइड डेकवर. त्या फोल्डरच्या वेळी.'

'शक्य नाही. मला अर्जदाराने सांगितलेली गोष्ट आठवत नाही असं होत नाही.'

तुम्ही डाव्या हाताने कपाळ पुसलेत. 'मला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी असेल. मागच्या वेळी तू लिहिलंस की हा मनुष्य इथलाच आहे, आणि झालो मी इथला. म्हटलं, वकिलानं लिहिलंय तर सायकलही येईल.'

तुम्ही हसत होता. हसताना खांदा दुखत होता. तरी हसत होता. मी हसलो नाही. माझ्या पद्धतीवर बोट ठेवले गेले होते. मी म्हणालो, 'तुम्ही मला सांगितलेलं नाही. ही गोष्ट स्पष्ट असू दे.'

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, 'या वयात सायकलवरून पडलात?' तुम्ही उत्तर दिलेत, 'ब्रेक लागला नाही.' आणि माझ्याकडे पाहिलेही नाहीत. मी ते तुमच्या स्वाभिमानाच्या खाती घातले. त्यात माझी बाजूही झाकली गेली, हे मला तेव्हा दिसले नाही.

पुढचे दोन महिने तुम्ही पट्ट्यात हात घालून रोज सहाला येत राहिलात आणि कोपीचा पहिला घोट घेऊन तेच वाक्य बोलत राहिलात. 'सांगितलं होतं.' 'नव्हतं सांगितलंत.' 'वही बघ ना मग. तू लिहून घेतोस सगळं.' 'बघायची आवश्यकता नाही.' बसलेल्या अर्जदारांना हा आपला नमस्कार वाटत असावा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पत्नीने मला पलंगाखालची खोकी आवरायला लावली. तुमच्या अपिलाची वही त्यात होती. ती मी उघडली ती तुम्हाला खोटे पाडण्यासाठी. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात, असा मजकूर आहे:

'वडील पोस्टमन. सायकल पोस्टाची. सरकारी वस्तू म्हणून मुलांना हात लावू दिला नाही. इतर मुले शिकली. नंतर समुद्रावर गेले. आजतागायत सायकल येत नाही. पत्नीस माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. (हसले.)'

त्यावर तिरकी रेघ होती.

ते वाचूनही मला ती संध्याकाळ आठवली नाही, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. अक्षर माझे, रेघ माझी, कंसातले तुमचे हसूही मीच टिपलेले, आणि आठवण शून्य. माणूस बोलत असतो तेव्हा मी अर्जाला काय लागेल ते ऐकत असतो. अर्ज पोस्टात पडला की उरलेले माझ्यापुरते संपते. ही सवय मी गुण समजत आलो. इतक्या लोकांची दुःखे लक्षात ठेवली तर काम करता येणार नाही, असे मामा म्हणत आणि मीही म्हणतो. परंतु तुमचे ते दुःखही नव्हते. एका मनुष्याने, जी गोष्ट बायकोला सांगितली नाही, ती मला हसत सांगितली होती, आणि मी ती खोडली होती. नंतर त्याच गोष्टीचा रकाना समोर आला तेव्हा 'मध्यम' लिहिले होते.

त्या नीलेवाल्या वाटेवर तुम्ही माझ्याकडे का पाहिलेत, ते मला पलंगाखाली बसून कळले.

मी तुम्हाला सांगितले नाही. त्याची कारणे मी त्यावेळी बरीच जमवली होती. एक माफीपत्र तयार केले. ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' असे सुरू झाले, म्हणून फाडले. दुसरे बरे होते, पण त्यात तुम्हीही फॉर्म वाचायला हवा होता, असे एक वाक्य शिरले. तिसऱ्यात ते वाक्य काढले, तेव्हा काही उरलेच नाही. मी दुसऱ्यांसाठी शेकडो क्षमायाचना लिहिल्या आहेत. त्या मान्यही झाल्या आहेत. आपली स्वतःची लिहिताना विनंती कोणाच्या नावे करायची हेच मला समजेना, कारण तुम्ही तर रागावलेलाच नव्हता.

आणि खरे कारण सांगायचे तर व्हॉइड डेकवर माझी जी काही पत आहे ती त्या वह्यांची आहे. माझ्या वहीत आहे म्हणजे आहे, असे लोक मानतात. मला ती पत तुमच्याहून मोठी वाटली.

पट्टा सुटल्यावर एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, 'वकील, शिकव मला.' मी तत्काळ हो म्हणालो. तुम्हाला आश्चर्य वाटले. तुम्ही त्याला माझा चांगुलपणा समजलात. प्रत्यक्षात ती भरपाई होती आणि मी ती न कळवता करत होतो.

तुम्ही एक जुनी सायकल मिळवलीत आणि वहिनींना कळू नये म्हणून माझ्या दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये ठेवलीत. सकाळी साडेसहाला, कालव्याकाठच्या पार्क कनेक्टरच्या पायवाटेवर, मी सीट धरून मागे धावत होतो. बासष्टाव्या वर्षी मनुष्य सायकल शिकताना फार बोलतो.

'धरलंयस ना?'

'धरलंय.'

'सोडू नकोस.'

'सोडत नाही. खाली बघू नका.'

'खाली बघितल्याशिवाय पाय कुठे आहे ते कळणार कसं?'

'पाय आहे तिथेच आहे. पुढे बघा.'

'सांगितलं होतं मी तुला.'

'नव्हतं सांगितलंत. पुढे बघा!'

रोज हात हलवत व्यायाम करणाऱ्या एक चिनी आजी होत्या. त्यांना आपली भाषा कळत नव्हती, पण चूक कळत होती. 'अंकल, डोन्ट लुक डाऊन लाह!' असे त्या ओरडत आणि तुम्ही त्यांना जहाजावरच्यासारखा सलाम ठोकायला हात सोडत होता आणि आपण दोघेही गवतात जात होतो.

मी हिशेब करून पाहिला आहे. माझ्या एका हातात तुमची सीट होती आणि घरी कपाटात तुमची वही होती, असे जवळजवळ तीन महिने गेले. त्यातल्या कोणत्याही सकाळी सांगता आले असते. तुम्ही तर माझ्याकडे पाठ करून बसलेला होता. याहून सोपी बैठक कुठल्याही अर्जदाराला मिळत नाही.

जूनमध्ये एके दिवशी मी सोडले. तुम्हाला ते पुलाच्या पलीकडे गेल्यावर कळले. तरी तुम्ही घाबरलात नाहीत. रस्त्यावर यायला मात्र तुम्ही आणखी तीन महिने घेतलेत. इंजिनियर मनुष्य, वळणे, उतार, ब्रेक, एकेका गोष्टीची चाचणी झाल्याशिवाय पुढे जात नव्हता. गणपती उठल्यानंतरच्या रविवारी तुम्ही म्हणालात, आज सुनंदाला दाखवायचे.

मी तुमच्या ब्लॉकखाली उभा राहिलो. तुम्ही कारपार्कला एक पूर्ण फेरी मारून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आलात आणि घंटी वाजवलीत. वहिनी चौथ्या मजल्यावरून वाकल्या. तुम्ही वर बघत, एक हात सोडून, तो हलवलात. ज्या गोष्टीसाठी बासष्ट वर्षे लागली ती तुम्ही त्यांना दाखवत होता.

वहिनींनी पाहिले आणि ओरडून सांगितले, 'अहो, बरं झालं, खाली आहात तर दूध घेऊन या! संपलंय!'

त्यांचे काहीच चुकले नाही. त्यांच्या दृष्टीने नवऱ्याला सायकल येतच होती. मी तुमच्याकडे पाहिले. मला वाटले तुमचा विरस झाला असेल. तुम्ही म्हणालात, 'आलोच!' आणि दुकानाकडे गेलात. परत आलात तेव्हा दुधाची पिशवी हँडलला लोंबकळत होती. सायकल डुलत होती आणि तुमचा चेहरा असा होता, जसा त्या माथ्यावर जहाजे दिसली तेव्हा होता. तुमचे वडील पोस्टाची पिशवी घेऊन असेच येत असतील, असे मला वाटले. मी बोललो नाही. बोललो असतो तर मला ते कसे माहीत, हा प्रश्न आला असता.

माझ्याजवळ थांबून तुम्ही एक पाय टेकलात.

'आता तरी मान्य कर.'

'काय?'

'सांगितलं होतं.'

त्या क्षणी मी सांगणार होतो. शब्द तयार होते. दोनच होते. मी म्हणालो, 'आठवत नाही.'

हे वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते निवडले. पस्तीस वर्षांत एवढे तरी शिकलो आहे.

तुम्ही हसलात. 'सावकाश आठव. मला घाई नाही.' आणि पिशवी सांभाळत लिफ्टकडे गेलात. गुरुवारी दुपारी पत्नीचा नोव्हेनाहून फोन आला. छातीत कळ आल्याने तुम्हाला तिच्याच रुग्णालयात आणले होते आणि काही करण्यासारखे राहिले नव्हते.

तेराव्याचे सर्व झाल्यावर मी सायकल चालवत नव्हे, हाताने धरून तुमच्या घरी नेली. वही बरोबर नेली. कोणालाच माहीत नाही, असे तुम्ही सांगितले होते, त्यामुळे हे लिहिण्याआधी परवानगी घेणे आवश्यक होते. वहिनींनी चष्मा लावला. ते पान वाचले. पुन्हा वाचले.

'मला नाही कधी बोलले,' त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'त्या रविवारी दूध घेऊन वर आले तेव्हा किती खुशीत होते. मला वाटलं, खाली कोणी जुनं भेटलं असेल.'

मी खिडकीकडे पाहत होतो.

'आणि हे खोडलंय ते?'

'मी खोडलं.'

'का?'

'अर्जाला लागत नव्हतं.'

त्यांनी त्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवले. मग विचारले, 'भावजी, खोडलेलं परत आणता येतं का तुमच्यात?'

येते, चीफ. मामांनी त्याचीही रीत घालून दिली आहे. खोडलेल्या ओळीखाली टिंबे द्यायची, समासात 'राहू द्यावे' असे लिहायचे, आणि शेजारी लिहिणाऱ्याने व अर्जदाराने, दोघांनी सही करायची. मी वहिनींसमोर टिंबे दिली. 'राहू द्यावे' लिहिले. माझी सही केली. मग पद्धतीप्रमाणे तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, 'वडील पोस्टमन'पासून कंसातल्या 'हसले'पर्यंत, आणि थांबलो.

तुम्ही सांगितले होते. पहिल्याच दिवशी, व्हॉइड डेकवर, त्या फोल्डरच्या वेळी. माझ्या वहीत आहे.

तुमच्या सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे.